उताणा माउस

माझं काम सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नेमकं काय करता?" मी माउस करते. कॉम्प्युटरचा, बिनवायरचा. आमची कंपनी लहान आहे, हैदराबादच्या पार टोकाला एका शेडमध्ये, आणि आमच्या मालावर नाव दुसऱ्याच कुणाचं छापलं जातं. तुमच्या हाताखालचा माउस आमच्या शेडमधून आलेला असेल तर ते तुम्हाला या जन्मी कळणार नाही. त्याचं मला काही वाटत नाही. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. लोक म्हणतात, "माउसमध्ये काय एवढं डिझाइन करायचं असतं?" अहो, या, बसा एकदा आमच्या टेबलावर! एका चार्जिंगच्या पोर्टावरून आम्ही एवढे भांडलोय की तेवढ्यात एखाद्या घराच्या वाटण्या होऊन गेल्या असत्या.

पोर्ट म्हणजे चार्जरची पिन जिथे खुपसतात ती खाच. ती माउसला कुठे द्यायची, एवढाच प्रश्न. नाकाशी दिली तर चार्ज होत असतानाही माउस वापरता येतो. पण नाकाशी आधीच दोन बटणं, मध्ये चाक, त्यांच्याखाली त्यांचे स्विच. तिथे आणखी एक खाच घुसवायची म्हणजे गच्च भरलेल्या डब्यात आणखी एक पोळी कोंबायची. शिवाय वायर लावून माउस फिरवला की खाचेला हिसके बसतात आणि ती ढिली होते. आणि लोकांचं काय, एकदा वायर लावली की काढायचं नावच घेत नाहीत. मग बिनवायरचा घेतला कशाला, कपाळ माझं? पोटाला दिली तर सगळं सोपं. नाक बारीक राहतं, हिसके बसत नाहीत, दिसायलाही छान. फक्त चार्ज करताना माउस उताणा टाकावा लागतो आणि तेवढा वेळ हात चोळत बसायचं. सुटा सेल घातला तर चार्जिंगची भानगडच नाही, पण वजन वाढतं, झाकण येतं, झाकणाची कडी तुटणं येतं. नुसतं ठेवलं की चार्ज होणारी बैठक दिली तर आत तारेचं वेटोळं आलं आणि त्यापाठोपाठ जाडी आली. एक हवं तर दुसरं सोडा, असा सगळा मामला. आमच्या सगळ्यांत हलक्या मॉडेलला आम्ही पोटाला पोर्ट दिलं. "रात्री लावून ठेवा, सकाळी तयार," असं त्याच्या खोक्यावरच छापलं. आजही त्या कारणांत मला खोट काढता येत नाही.

हे मॉडेल मी घरी आणलं ते अण्णांसाठी.

अण्णा म्हणजे माझे सासरे. काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. लिफ्ट नाही. अण्णांनी जन्मभर दिवाणी वकिली केली. घरात मराठी, पक्षकारांशी तेलुगू, जुन्या कागदपत्रांशी उर्दू आणि उरलेल्या सगळ्या जगाशी दख्खनी. बोलणं हेच त्यांचं खाणंपिणं. मी लग्न होऊन आले तेव्हा नव्या सुनेला जे विचारतात ते सगळं विचारून झालं, आणि मग अण्णांनी विचारलं, "तू जे बनवतेस ते कुणासाठी बनवतेस?"

"सगळ्यांसाठी," मी म्हटलं.

"सगळे म्हणजे कोण? साक्षीला उभा करता येईल असा एक माणूस सांग."

असा राग आला होता मला! माहेरी दिलसुखनगरला जाऊन आईला सांगितलं, "सासरा नाही, सरकारी वकील आहे." पण मग सवयच लागली. नवा नमुना आला की मी तो पर्समध्ये टाकून घरी आणायची, जेवण झाल्यावर अण्णांच्या पुढे ठेवायची, आणि ते त्याची उलटतपासणी घ्यायचे. हे बटण इथंच का? म्हाताऱ्याचं बोट एवढं वाकतं का? डावखुऱ्यानं काय करायचं, घरी बसायचं? त्या एका प्रश्नावरून मी ऑफिसात हट्ट धरला आणि आमचं हलकं मॉडेल दोन्ही हातांना चालेल असं झालं. आज मी मीटिंगमध्ये ताठ मानेनं चार माणसांशी वाद घालते ना, ते मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते अण्णांनी शिकवलं, आणि त्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

अण्णांना लकवा झाला तो एका सकाळी, दाढी करताना. उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. डॉक्टर म्हणाले, समज पूर्ण शाबूत आहे. ते तर आम्हाला दिसतच होतं. पेपर वाचताना चुकीची बातमी आली की भुवई वर जायची. शब्द आत तयार असायचे, पण ओठांशी येईपर्यंत त्यांचा नुसता हुंकार व्हायचा. ज्या माणसानं जज्जासमोर तासन्‌तास किल्ला लढवला, त्याला "पाणी" म्हणता येईना. त्या दिवसांत मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची. आमचे हे गच्चीवर जाऊन रडायचे.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई येत. तोंडाच्या व्यायामांनी फारसा फरक पडेना तेव्हा त्यांनीच ही युक्ती काढली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मराठी अक्षरांचा तक्ता लावायचा. अण्णांनी डाव्या हातानं माउस फिरवून एकेक अक्षर दाबायचं. वाक्य झालं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं वाचून दाखवणार. आवाज होता एका बाईचा, अगदी बातम्या देणारा. अण्णांनी मान खाली घालून, घामाघूम होत पहिलं वाक्य जुळवलं. कॉम्प्युटर म्हणाला, "ही बाई कोण आहे?"

आम्ही इतके हसलो, इतके हसलो की हसता हसता रडायलाच लागलो. त्या व्यायामाच्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी आमचे अण्णा आम्हाला परत आणून दिले.

माउस मात्र नेमका हवा होता. आधी वायरचा दिला. वायरीचा ओढा तुम्हाआम्हाला जाणवतही नाही, पण अण्णांच्या डाव्या हातातही पूर्वीचा जोर नव्हता. वायर टेबलाच्या कडेला अडली की हात तिथंच थांबायचा आणि भलतंच अक्षर दाबलं जायचं. सेलवाला जड पडला. आमचा हलका तेवढा जमला. बोटांनी नुसतं सुचवलं की सरकायचा. पण हलका ठेवायचा म्हणून त्यात बॅटरीही इवलीशी होती. दिवसभर अण्णांची वकिली चालली की संध्याकाळपर्यंत त्याचा बॅटरी संपत आल्याचा लाल दिवा लागायचा.

आणि वकिली चालायची बरं! खालच्या मजल्यावर अण्णांचे जुने दोस्त राहतात, तेही निवृत्त वकील, उर्दूत लहानाचे मोठे झालेले. ते रोज दुपारी चहाला येतात. लकव्यानंतरही आले. दारातूनच ओरडायचे, "क्या मियाँ, आज किससे लड़ना है?" आणि मग दोघांचं कोर्ट भरायचं. अण्णा एकेक अक्षर दाबत, आणि हे गृहस्थ पाय हलवत, बशीतून चहा पीत वाट बघत बसत. सुटीच्या दिवशी घरी असताना एक गोष्ट मी त्यांची बघून ठेवली होती. अण्णांचं वाक्य ते कधी स्वतः पुरं करून देत नसत. शेवट कळला असला तरी थांबत. मग पूर्ण ऐकून म्हणत, "नक्को मियाँ, बिल्कुल ग़लत!" आणि अण्णांचा चेहरा असा खुलायचा की काय सांगू.

आता तुम्ही म्हणाल, रात्री चार्जिंगला लावायचा, खोक्यावर छापलंय तसं. खोक्यावर छापणाऱ्यानं आमचं घर पाहिलेलं नाही. आमच्या घरात झोपण्याआधी एक फेरी असते. गॅसची चावी बंद, नळ घट्ट, आणि भिंतीवरचा एकूण एक स्विच खाली. पूर्वी कधीतरी घरातला एक बोर्ड जळाला होता, तेव्हापासून अण्णांनी ही फेरी कधी चुकवली नाही. मोबाइल अर्धा चार्ज झालेला असो, ती तुमची अडचण. लकव्यानंतर फेरी आमच्या ह्यांच्याकडे आली. अण्णा अंथरुणातून त्यांच्याकडे बघत राहत, शेवटचा स्विच पडेपर्यंत डोळे मिटत नसत. मी एकदा माउसचा एकच स्विच चालू ठेवायचा प्रयत्न केला. बोर्डावरचा तो बारका लाल दिवा बघून अण्णा हुंकारत राहिले, झोपायला तयारच नाहीत. मी हात टेकले.

दोन माउस ठेवा की, असंही सगळे सांगत. ठेवले होते. घरात पंचे दोन असले की दोन्ही दोरीवर ओले असतात, तसं त्या दोघांचं. दुसरा आहे ना, म्हणून पहिल्याकडे दुर्लक्ष, आणि दुसरा हातात घ्यावा तर तोही मेलेला. दिवसा लावावा तर दिवसा त्यांचं कोर्ट. शेवटी अण्णांनीच तोडगा सांगितला. त्या बाईच्या आवाजात फर्मान निघालं, "जेवताना लावा. जेवताना तोंडाला एकच काम." सगळ्यांना पटलं. रात्रीची पानं मांडली की मी माउस उताणा करायची, पोटात पिन खुपसायची आणि वाढायला घ्यायची.

जेवणाची वेळ ही खरं तर आमच्या घरात अण्णांची वेळ. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी त्यांचे किस्से ऐकत ऐकत जेवले, किती भाकऱ्या पोटात गेल्या त्याचा पत्ता लागायचा नाही. आता त्याच वेळी ते गप्प झाले. पहिले काही दिवस ते जाणवलं. मग सवय झाली. मग हळूहळू आम्ही त्यांच्याशी बोलायच्या ऐवजी त्यांच्याबद्दल बोलायला लागलो. "अण्णांना आमटी वाढ." "अण्णांना आज झोप नव्हती वाटतं." माणूस समोर बसलेला आणि आम्ही असं बोलायचो!

अशात माझे धाकटे दीर पुण्याहून आले. भाऊजी मनानं फार चांगले. येताना अण्णांसाठी मऊ सदरे, पायाला लावायचं तेल, काय काय घेऊन आले. पण जिन्यानं चढताना त्यांनी पाहिलं की अण्णांना डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीत बसवून माणसांनी उचलून उतरवावं लागतं. ते त्यांच्या जिवाला लागलं. रात्री जेवायला बसलो, मी माउस उताणा करून वायर लावली, अण्णांची चाकाची खुर्ची टेबलाशी ओढली, अंबाड्याची भाजी वाढली, आणि भाऊजींनी विषय काढला.

"दादा, मी सरळच सांगतो. अण्णांना मी पुण्याला घेऊन जातो. कायमचं."

भाऊजी पुढे म्हणाले, "माझ्याकडे लिफ्ट आहे. खाली बाग आहे. हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर असता, अण्णा मदतनीस बाईंच्या भरवशावर. वहिनी, तुमच्यावर किती भार पडतो, मला दिसत नाही का?"

"माझ्या भाराचं माझं मी बघते, भाऊजी," मी म्हटलं. जरा फणकाऱ्यानंच म्हटलं. पण त्यांच्या बोलण्यात खोटं एक अक्षर नव्हतं. लिफ्ट नव्हतीच. आम्ही बाहेर असायचोच.

आमचे हे म्हणाले, "अण्णांना विचारलं पाहिजे."

"विचारूया ना." भाऊजी वाकले आणि मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "अण्णा, याल ना पुण्याला? नातवंडांत राहाल. येताय ना?"

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ताटाकडे पाहिलं. हुंकारसुद्धा आला नाही. अक्षरांचा तक्ता आल्यापासून नुसती मान हलवून हो-नाही म्हणणं त्यांना मंजूरच नव्हतं.

"बघ दादा," भाऊजी म्हणाले, "नको असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आपले अण्णा गप्प बसणारे आहेत का?"

आणि हे इतकं खरं होतं की आमचे हेसुद्धा खिन्नपणे हसले आणि मान हलवली. अण्णा कुठल्याही गोष्टीला गप्प राहून मान्यता देतील, हे या दोन्ही भावांनी जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणूनच त्यांना वाटलं की गप्प आहेत, म्हणजे येताहेत. बोलता बोलता तिकिटांचा विषय सुरू झाला. पलंग तिकडे नवा घ्यावा का इथला न्यावा. सकाळची गाडी बरी की संध्याकाळची.

माझं दिवसभराचं काम म्हणजे माणसांचे हात बघणं. आम्ही माणसं आणून बसवतो, त्यांना माउस देतो आणि त्यांच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघतो. बोट कुठे थांबतं, कुठे अडखळतं. ती सवय घरी आल्यावरही सुटत नाही. मी वाढायला वाकले आणि माझी नजर अण्णांच्या डाव्या हातावर गेली.

आमटीची वाटी त्यांनी ताटाबाहेर काढली होती. तळवा वाटीवर होता. ते ती सरकवत होते. थोडी उजवीकडे नेली. थांबले. पहिलं बोट काठावर टेकवलं, उचललं. मग वाटी वर सरकवली. थांबले. बोट टेकवलं, उचललं. मग खाली, डावीकडे. आमटी टेबलावर सांडत होती, मनगटावरून ओघळत होती, त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. भाऊजींच्या चेहऱ्यावर डोळे लावून ते एकेक अक्षर दाबत होते.

ते गप्प नव्हते हो! मघापासून बोलत होते ते!

"थांबा!" मी अशी ओरडले की दोघं भाऊ दचकले. हातातली पळी टाकून मी धावले, माउसच्या पोटातली पिन उपसली, माउस सुलटा केला, कॉम्प्युटरचं चाकाचं टेबल ढकलत अण्णांपुढे आणलं. मध्ये पाण्याचा तांब्या आडवा झाला. होऊ दे. अण्णांनी आमटीचा हात तसाच माउसवर ठेवला. हात चुकत नव्हता. पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. आम्ही तिघंही त्यांच्या खुर्चीमागे.

"मला पुण्याला"

एवढं उमटलं आणि माउसचा लाल दिवा विझला.

अण्णांनी बोट दाबलं. परत दाबलं. काही नाही. आत्ताच तर लावला होता चार्जिंगला, त्यात कितीसा जीव आला असणार?

"जळलं मेलं ते पोटातलं पोर्ट!" मी म्हटलं. माझ्याच कंपनीचा माल, पण त्या क्षणी तो माझ्या हातून भिंतीवर फुटायचाच बाकी होता. नाकाशी पोर्ट असतं तर पिन खुपसली असती आणि वाक्य पुढे गेलं असतं. दुसरा नेहमीसारखा मेलेला, वायरचा कधीच ऑफिसात परत गेलेला. आता परत उताणा करा, परत लावा, परत वाट बघा. मी लावला. अण्णांचा हात रिकाम्या टेबलावर तसाच पडून राहिला.

"मला पुण्याला न्या, असंच असणार," भाऊजी हळूच म्हणाले.

"भाऊजी, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका!"

इतक्या तोंडावर मी दिराला कधी बोलले नव्हते. एका उताण्या माउसभोवती आम्ही सगळे बसलो. भात निवला. स्टेशनवर कुठल्यातरी गाडीची घोषणा तेलुगूत झाली, हिंदीत झाली, इंग्रजीत झाली. अण्णा माउसकडे बघत होते आणि आम्ही अण्णांकडे. या घरातून एक माणूस जायचा की राहायचा, हे त्या दोन शब्दांच्या पुढे अडकलं होतं, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी "जायचंय" म्हटलं असतं तरी मी बॅग भरली असती, खरंच भरली असती. पण ते त्यांनी म्हणायला हवं होतं.

थोडा जीव आला असेल असं वाटल्यावर मी पिन काढली आणि माउस त्यांच्या हाताखाली दिला. अण्णांनी घाई केली नाही. कोर्टात सवय असते ना, जज्ज उतावीळ झाला तरी आपण व्हायचं नाही. सगळं जुळवून झाल्यावर त्यांनी शेवटचं बटण दाबलं आणि तो बातम्यांचा आवाज आमच्या निवलेल्या ताटांवरून बोलला.

"मला पुण्याला जायचं नाही. तिथं सगळे माझी काळजी घेतील. इथं लोक माझ्याशी भांडतात."

आणि थोड्या वेळानं आणखी एक वाक्य आलं. "यापुढे मला काही विचारायचं असेल तर माउस चालू असताना विचारा."

भाऊजी उठले ते सरळ जमिनीवर बसले आणि अण्णांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. "अण्णा, मला वाटलं... मला खरंच वाटलं..." अण्णांनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. केसांना आमटी लागली. भाऊजींनी ती रात्रभर धुतली नाही, असं आमचे हे अजून चिडवतात. मला भाऊजींचं कौतुक याचं वाटतं की त्यांनी पुढे एका शब्दानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सुलतान बाजारात जाऊन जिना उतरवताना अण्णांना खुर्चीत बांधायला चांगला रुंद पट्टा घेऊन आले, आणि दुपारच्या चहाला त्या खालच्या वकीलसाहेबांसमोर बसून दोघांचं भांडण शेवटपर्यंत ऐकलं. निघताना मला म्हणाले, "वहिनी, बरं झालं तुम्ही ओरडलात."

मी ऑफिसात गेले ती तोफ भरूनच. आमचे साहेब म्हणजे भला माणूस, पण आकड्यांचा. त्यांनी तीच सगळी कारणं परत सांगितली. नाक जाड होईल. खाचेला हिसके बसतील. लोक वायर काढणारच नाहीत.

"नाही काढली तर नाही," मी म्हटलं. "आपलं काय जातं?"

"अहो मॅडम, चार्जिंगला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ माउस नसला तर कुणाचं काय अडतं?"

मग मी त्यांना सांगितलं कुणाचं काय अडतं. साक्षीला उभा करता येईल असा एक माणूस होता माझ्याकडे. वाटीचं सांगताना मी त्यांच्या टेबलावरची चहाची बशी तशीच सरकवून दाखवली. साहेबांनी समोरचा कागद ओढून घेतला. मग म्हणाले, "चाक किती मागे घ्यावं लागेल?"

बरंच घ्यावं लागलं. नाक फुगलं ते फुगलंच. शेडमधल्या पोरांनी मॉडेलचं नाव "नाकाड्या" ठेवलं. पिनेला हिसके बसू नयेत म्हणून खाच खोल नेली आणि तिच्याभोवती प्लॅस्टिकची जाड भिंत दिली, त्यात वजन थोडं वाढलं. ते वाढलेलं वजन अण्णांच्या हाताला चालेल की नाही, या काळजीनं मी कितीतरी नमुने घरी नेले. वायर बुटाच्या लेससारखी मऊ शोधली, ओढा लागू नये म्हणून. विक्रीवाल्यांनी तोंड वाकडं केलं. दिसायला पहिलाच छान होता, हे मीही मान्य करते. आणि साहेबांचं भाकीत खरं ठरलं, पुष्कळ लोक त्याची वायर कधी काढतच नाहीत. हे सगळं घालवून जे मिळालं ते फक्त चार्जिंगच्या वेळेपुरतं आहे. तरी मी साहेबांची आभारी आहे, पोरांची आहे, आणि त्या आमटीच्या वाटीचीही आहे.

पहिला पक्का नमुना घरी आणला त्या संध्याकाळी मी वरण-भात, भाकरी आणि चिंचेचं सार केलं होतं. पानं मांडली, माउस अण्णांच्या ताटाशेजारी सुलटा ठेवला आणि नाकात पिन लावली. चार्जिंगचा लाल दिवा लागला. अण्णांनी माउस जरा सरकवून बघितला, वायरीकडे संशयानं बघितलं, परत सरकवला. मग एक घास, एक शब्द, असं त्यांचं सुरू झालं. कुठल्याशा जुन्या दाव्याची हकिकत होती, एका विहिरीवरून दोन चुलतभावांचं भांडण. त्या बाईच्या कोरड्या आवाजात ती तुकड्या-तुकड्यांनी येत होती. मध्येच ते भाकरी मोडायला थांबत, आणि आम्ही त्या विहिरीच्या काठावर ताटकळत. आमची जेवणं केव्हाच झाली होती. आमच्या ह्यांना सकाळी लवकर निघायचं होतं. ते ताट उचलून उठायला लागले, आणि मागून आवाज आला,

"बसा. माझं अजून बोलून झालेलं नाही."

आम्ही बसलो. ताटं वाळली, खरकटे हात वाळले, तरी कुणी उठलं नाही.